उशीर झाला म्हणजे सगळं संपलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'बेंड्स झालेला डायव्हर पूर्ण बरा होईल का, हे चेंबरला पोचायला किती तास लागले यावर फारसं ठरत नाही,' हे माझं वाक्य बेजबाबदार आहे, त्यामुळे लोक निवांत राहतील, असं तुम्ही लिहिलंत. (बेंड्स म्हणजे खोल पाण्यातून वर येताना शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणारा आजार; चेंबर म्हणजे जास्त दाबाखाली ऑक्सिजन देऊन त्यावर उपचार करायची बंद खोली.) काळजी रास्त आहे. पण वाक्य मी मागे घेत नाही.

बेंड्समुळे मज्जारज्जूला इजा झालेल्या 279 हौशी डायव्हरांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या केंद्रांचा. कोण पूर्ण बरं होत नाही? वय 42 किंवा जास्त, डुबकी 39 मीटर किंवा त्याहून खोल, लघवी अडलेली, आणि चेंबरमध्ये जाण्याआधी लक्षणं तशीच राहिलेली किंवा वाढत गेलेली. तासांचा फरक तिथे ठळक दिसला नाही.

आता यावरून 'उशीर चालतो' असं म्हणता येत नाही, आणि मीही तसं म्हटलेलं नाही. ज्याचे पाय लुळे पडतात त्याला सगळे धावतपळत नेतात. ज्याच्या बोटांना नुसत्या मुंग्या येतात तो हॉटेलवर एक रात्र काढून मग जातो. त्यामुळे कागदावर उशिरा आलेला जास्त सुधारलेला दिसू शकतो. शिवाय चेंबर बुडबुडा लहान करतं, ऑक्सिजन नायट्रोजनला बाहेर काढतो. पण रक्ताविना मेलेला मज्जारज्जूचा भाग त्याने परत येत नाही.

लघवीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बोटीवर तो कुणी विचारतच नाही. 'चालता येतंय ना?' एवढं विचारून मोकळे होतात. डायव्हर म्हणतो, पाणी कमी प्यायलो म्हणून होत नसेल. पण बेंबीखाली हात ठेवला तर गच्च भरलेली पिशवी हाताला लागते, आणि धार मात्र सुटत नाही. ही मज्जारज्जूच्या खालच्या टोकाची तक्रार असू शकते. पाय चालत असले तरी हे गंभीर धरायचं.

लक्षण दिसताच शंभर टक्के ऑक्सिजन, आडवं झोपवणं, चेंबरला फोन: यात एक मिनिटही दवडू नये, यावर आपलं दुमत नाही. माझा विरोध आहे तो 'आता उशीर झाला, उपयोग नाही' म्हणून माणसाला घरी पाठवण्याला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्यालाही चेंबरमध्ये 18 मीटर खोल पाण्याइतक्या दाबावर शुद्ध ऑक्सिजनचं पावणेपाच तासांचं सत्र द्यावं. अशांनाही फरक पडलेला दिसतो, आणि पुढची सुधारणा कित्येकदा महिनोन्महिने चालू राहते.