स्काईप परत आणा, माझी सोय होईल

५ मे २०२५ ला मायक्रोसॉफ्टने स्काईप, म्हणजे ते इंटरनेटवरून व्हिडिओ कॉल करायचं ॲप, बंद केलं आणि सगळे एकदम हळवे झाले, त्यातल्या निम्म्यांना ते शेवटचं कधी उघडलं होतं ते पण आठवत नसणार. जुने चॅट वगैरे टीम्समध्ये, म्हणजे त्यांच्याच ऑफिसच्या मीटिंगवाल्या ॲपमध्ये, हलवायची सोय दिली. म्हणजे आता काकूशी गप्पा मारायच्या तर ऑफिसात जाऊन बसायचं!

मला खरंच वाईट वाटलं, पण कारण शुद्ध स्वार्थी आहे. तेव्हा व्हिडिओ कॉल हा समारंभ असायचा हो. आधी वेळ ठरायची, मग कम्प्युटर चालू व्हायचा, तो चालू होईपर्यंत आपण वरचा शर्ट बदलायचा (खालचं विचारू नका), आणि ती बुडबुड्यांसारखी रिंग वाजली की अख्खं घर कॅमेऱ्यासमोर. "ऐकू येतंय का?" "आम्हाला येतंय, तुम्हाला आमचं येतंय का?" यातच बराच वेळ जायचा. आजोबांचं फक्त कपाळ दिसायचं. आणि "लग्नाचं काय ठरवलंस" हा विषय निघाला रे निघाला की "आवाज तुटतोय, नंतर बोलू", नेटची कृपा. त्यात ती टेस्ट कॉलवाली बाई, बीपनंतर बोला म्हणायची आणि मग आपलंच बोलणं जसंच्या तसं परत ऐकवायची. नात्यातल्या कोणीही माझं इतकं शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही.

आता फोन खिशात, कोणीही कधीही थेट तोंडासमोर. नाही उचलला की लगेच मेसेज, "ऑनलाईन दिसतोयस की".

बरं, चीज काही साधी नव्हती. २००३ मध्ये आलं, मालक एक स्वीडनचा एक डेन्मार्कचा, प्रोग्राम लिहिणारे एस्टोनियाचे, आणि गंमत म्हणजे वापरणाऱ्यांचेच कम्प्युटर एकमेकांचे कॉल पोचवायचे. २००५ मध्ये ईबेने २.६ अब्ज डॉलरला घेतलं, लिलाववाल्यांना फोन कशाला हवा होता देव जाणे. मग २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज मोजले आणि सुधारणा सुरू झाल्या. मोबाईलवर ते एकमेकांचे कॉल पोचवायचं जुनं गणित परवडेना म्हणून सगळं सर्व्हरवर गेलं, ते ठीक, ते करावंच लागणार होतं. पण २०१७ मध्ये तरुण दिसायच्या नादात असा काही मेकअप केला की जुन्या लोकांना कॉलचं बटण सापडेना, आणि त्याच वर्षी घरात टीम्स नावाचं धाकटं अपत्य आलं, मग लाड कोणाचे होणार ते सांगायला नको. २०२० मध्ये अख्खं जग घरात कोंडलं गेलं, ज्या दिवसासाठी जन्म घेतला तो दिवस उजाडला, आणि लोक म्हणाले, "झूमची लिंक पाठव."

तरी नाव अजून मायक्रोसॉफ्टकडेच आहे, उद्या कोणाला सुचलं तर परत आणतीलही. फक्त मोबाईलवर देऊ नका, कम्प्युटरवरच ठेवा. आणि ते स्टेटसमधलं 'अदृश्य' तेवढं आठवणीने द्या. पहिल्याच दिवशी लॉगिन करतो आणि अदृश्य होऊन बसतो.