मेलेले व्हायरस मिसळत नाहीत, आत्या

रविवारी संध्याकाळी नागपूरच्या महाल भागात आत्याकडे गेले, तर ती गळ्यात पुरचुंडी अडकवून बसलेली. कापूर, ओवा, दोन लवंगा. आत्या ७३ वर्षांची, दमा २० वर्षांपासूनचा. पावसाळा सरला की दरवर्षी मी तिला फ्लूचं इंजेक्शन द्यायला नेते, तेच ठरवायला गेले होते.

"मले नाही घ्यायचं या वर्षी," ती म्हणाली. "आतमधी दोन व्हायरस मिसळले तं?" आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला.

मेसेज आमच्याच घरच्या ग्रुपवरचा. 'नागपूरकरांनो सावधान' आणि पुढे लाल दिव्यांची रांग. गाभा एवढाच: बर्ड फ्लू आणि स्वाइन फ्लू एकत्र करून लॅबमध्ये 'मिक्स व्हायरस' बनवलाय. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयातले वाघ तोच हवेतून लागून मेले. दर म्यूटेशनला, म्हणजे जनुकांतल्या बदलाला, तो जास्त पसरतो आणि जास्त मारतो. फ्लूच्या लसीतला व्हायरस अंगातल्या व्हायरसशी मिसळून नवा रोग करतो, म्हणून लस घेऊ नका. चिकन-अंडी बंद. कापूर-ओवा हुंगा. खाली 'एक ज्येष्ठ डॉक्टर', नाव-गाव काही नाही.

मी १९ वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि माझ्याच घरात हे तीन दिवस फिरत होतं. ग्रुप म्यूट करून ठेवला होता, ती चूक माझी. आता एकेक घेते, पण मेसेजच्या क्रमाने नाही. ज्याच्यामुळे आत्या इंजेक्शन टाळतेय, ते आधी.

मिसळण्याची गोष्ट खोटी नाही, हे नाइलाजाने कबूल करते. इन्फ्लुएन्झा ए या व्हायरसची जनुकं एका सलग धाग्यावर नसतात, आठ सुट्या तुकड्यांत असतात. आत्याच्या दिवाणावर पत्त्यांचा कॅट कायम पडलेला असतो, दुपारी शेजारणींबरोबर रमी चालते. त्यातली एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत आठ लाल आणि आठ काळी पानं काढून मी तिच्यासमोर मांडली. लाल बदकाच्या व्हायरसची, काळी माणसाच्या. दोन्ही व्हायरस एकाच वेळी एकाच पेशीत शिरले, तर पेशी दोघांच्याही तुकड्यांच्या प्रती काढत सुटते. बाहेर पडणारा नवा व्हायरस एक्का लाल उचलेल किंवा काळा, दुर्री लाल किंवा काळी, असं आठ वेळा. जोड्या होतात २५६. १९५७ च्या साथीचा व्हायरस असाच आला, माणसातल्या जुन्या व्हायरसने पक्ष्यांच्या व्हायरसकडून तीन तुकडे घेतले. १९६८ मध्ये दोन घेतले. २००९ चा स्वाइन फ्लू तर डुकरांमध्ये अनेकदा पिसलेला कॅट होता.

"मंग मेसेज खराच आहे की," आत्या म्हणाली.

नाही. पिसायला दोन्ही कॅट धड लागतात. दोन जिवंत व्हायरस, एकच पेशी, एकच वेळ. (व्हायरसला जिवंत म्हणावं का, हा वाद मी वर्गात घालते, इथे नको.) आत्याच्या दंडात जे जातं ते काय असतं? अंड्यात वाढवलेला व्हायरस आधी रसायनाने मारतात, मग डिटर्जंटने त्याचं कवच फोडतात. उरतात ती वरच्या प्रथिनांची शकलं. मी कॅटमधला जोकर उचलून फाडून दाखवणार, तेवढ्यात तिने हात धरला. "ए, फाडू नको, तो लागते!" बरं, नाही फाडला. पण फाडलेला पत्ता रमीत चालत नाही, एवढं तिला त्याच क्षणी कळलं.

मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेली गंमत मीच सांगते. लस करताना पत्ते खरंच पिसतात, मुद्दाम. अंड्यात जोमाने वाढणारा १९३४ सालचा एक जुना लॅबमधला व्हायरस आहे, पीआर८. बहुतेकदा त्याचे आतले सहा तुकडे घेतात आणि सध्या फिरणाऱ्या व्हायरसचे वरच्या प्रथिनांचे दोन. ही मिसळ होते कारखान्याआधी, आणि मारणं-फोडणं होतं त्यानंतर. नाकात मारायची, जिवंत पण दुबळी केलेली लसही असते. ती दम्याच्या म्हाताऱ्या माणसाला देत नाहीत.

लस शंभर टक्के वाचवते का? नाही. वरची प्रथिनं सतत थोडी थोडी बदलतात, म्हणून डब्ल्यूएचओ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते व्हायरस घ्यायचे ते नव्याने सांगते. तरी आत्यासारखीला फ्लू झालाच, तर दवाखान्यात भरती व्हायची पाळी लसीमुळे कमी येते. दंड एक दिवस दुखतो, कधी कणकण येते. तेवढंच.

आता लॅबचा 'मिक्स व्हायरस'. इथेही मेसेजवाल्याने कुठून तरी अर्धी गोष्ट ऐकलीय. २०१२ मध्ये फ्लूचे संशोधक योशिहिरो कावाओका यांच्या गटाचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. त्यांनी बर्ड फ्लूचं वरचं एक प्रथिन, हिमॅग्लुटिनिन, घेतलं आणि बाकीचे सात तुकडे २००९ च्या स्वाइन फ्लूचे. म्हणजे शब्दशः मेसेजमधलीच मिसळ. ती फेरेटवर तपासली. मुंगसाच्या चणीचा हा प्राणी फ्लूच्या बाबतीत बराचसा माणसासारखा वागतो. आणि झालं काय? नुसती मिसळ एका पिंजऱ्यातून शेजारच्या पिंजऱ्यात हवेतून गेलीच नाही. त्यासाठी हिमॅग्लुटिनिनमध्ये ठरावीक जागी चार बदल लागले.

त्यांतला शेवटचा बदल मला वर्गात शिकवायला फार आवडतो. फ्लूचा व्हायरस पेशीवरच्या साखरेला चिकटतो. पक्ष्यांच्या आतड्यात ही साखर एका तऱ्हेने जोडलेली असते, आपल्या नाका-घशात मुख्यतः दुसऱ्या तऱ्हेने. पकड माणसाच्या साखरेकडे वळवणाऱ्या बदलांनी प्रथिन नाजूक करून टाकलं, आणि चौथ्या बदलाने ते पुन्हा घट्ट झालं. तेव्हा कुठे व्हायरस नीट पसरला. पसरून किती फेरेट मेले? एकही नाही. टॅमिफ्लू हे फ्लूचं औषधही त्यावर चालत होतं. 'दर म्यूटेशनला जास्त पसरतो आणि जास्त मारतो' या वाक्याचं एवढ्यावरच पाणी होतं. बदल सारखे होतात, कारण हा व्हायरस स्वतःची नक्कल करताना चुका तपासत नाही. पण बहुतेक चुका त्यालाच नडतात.

शिवाय हवामान. पक्ष्याच्या पोटात बाराही महिने नागपूरचा एप्रिल असतो, ४१ अंश. आपल्या नाकात ३३. पक्ष्यांच्या व्हायरसचं नक्कल काढायचं यंत्र त्या थंडाव्यात नीट चालत नाही. त्यालाही वेगळा बदल लागतो, तोही वेगळ्या तुकड्यात.

म्हणून काळजी सोडायची असं मी म्हणत नाही. २००३ पासून जगात एच५एन१ या बर्ड फ्लूच्या व्हायरसची नऊशेहून जास्त माणसांना लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. आपल्या देशातही मृत्यू झालेत. पण लागण बहुतेक वेळा आजारी पक्ष्यांकडून किंवा जनावरांकडून झाली. माणसाकडून माणसाकडे अशी साखळी धरून तो अजून पसरलेला नाही. ज्या दिवशी पसरेल, त्या दिवशी ती खबर आधी आमच्या ग्रुपवर येणार नाही.

गोरेवाड्याचे वाघ. हे नागपूरकराच्या जिव्हारी लागणारं आहे, म्हणूनच मेसेजमध्ये घातलंय. डिसेंबर २०२४ च्या शेवटी तिथल्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू असल्याचं सांगितलं, हे खरं. हवेतून लागला, हे कुणी सांगितलं? मांजरकुळातल्या प्राण्यांना हा रोग लागण्याची नेहमीची वाट म्हणजे बाधित पक्ष्याचं कच्चं मांस. २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रकेंद्रात कोंबड्यांची कच्ची धडं खाऊन मोठी साथ आली होती. तिथे पुढे वाघाकडून वाघाला लागण झाली असावी, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. पण त्यातून 'नागपूरची हवा दूषित' कसं निघतं?

चिकन-अंडी: ७० अंशांवर पूर्ण शिजलं की व्हायरस संपतो. सावजीच्या रश्श्यात तर त्याची काय अवस्था होत असेल! कच्चं मांस हाताळल्यावर हात धुवा, अर्धकच्चं अंडं नको. पुढे चला.

राहिली पुरचुंडी. कापराच्या वासाने नाक मोकळं वाटतं, व्हायरसला काही होत नाही. आणि दमा असलेल्या बाईने दिवसभर उग्र वास नाकाशी धरला तर श्वासनळ्या आवळू शकतात. आत्याचा पंप त्या दिवशी नेहमीपेक्षा दोनदा जास्त लागला होता, हे तिनेच सांगितलं, मेसेजशी काही संबंध न लावता. लहान मुलाच्या हाती कापूर पडून पोटात गेला तर झटके येतात, तेव्हा ग्रुपवरच्या आयांनी घरातल्या पुरचुंड्या आधी शोधा.

वहिनी, तुम्ही फॉरवर्ड केलंत ते काळजीपोटीच, माहीत आहे. 'डिलीट फॉर एव्हरीवन'ची वेळ टळून गेलीय, म्हणून हे त्याच मेसेजच्या खाली टाकतेय. जिथे जिथे तो पुढे पाठवलात तिथे हेही पाठवा.

शनिवारी सकाळी १० ला आत्याला घेऊन जातेय. पुरचुंडी तिने टाकलेली नाही, गळ्यातून काढून कमरेला खोचलीय.