डीएलएल समोर आहे, तरी सापडत नाही

सी शार्पवाल्यांचं आयुष्य तसं लाडाकोडात जातं. मेमरी गार्बेज कलेक्टर सांभाळतो, टाइप कंपायलर सांभाळतो, आपण चहा सांभाळायचा. त्यात सीमध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी हवी झाली की लाड संपले. एसक्यूलाइटचंच घ्या. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेला हा डेटाबेस मुळात फार सज्जन. दोन लाखांहून जास्त ओळी, पण सगळा सोर्स एकाच सी फाइलमध्ये मिळतो. ती मायक्रोसॉफ्टच्या 'सीएल' कंपायलरला द्यायची, तुकडे जोडणाऱ्या लिंकरला डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येणारी विंडोजची लायब्ररी फाइल) बनवायला सांगायचं, की झालं. इतकं सरळ काही झालं की माझ्या पोटात गोळा येतो.

पहिली गंमत कमांड प्रॉम्प्टपासूनच. 'डेव्हलपर कमांड प्रॉम्प्ट' उघडून बांधलंत तर मुकाट्याने ३२ बिटची डीएलएल हाती येते. ६४ बिट हवी असेल तर स्टार्ट मेनूत 'एक्स६४ नेटिव्ह टूल्स' नावाचा वेगळा प्रॉम्प्ट शोधायचा. चुकलात तर डॉट नेट (सी शार्प ज्यावर चालतं ते) 'बॅड इमेज फॉरमॅट' म्हणून ओरडतं, जणू फाइल कुजलीय. फाइल ठणठणीत असते.

प्रॉम्प्ट योग्य निवडला, तरी मायक्रोसॉफ्टचा लिंकर सांगितल्याशिवाय एकही फंक्शन बाहेरच्यांना दाखवत नाही. कंपाइल करताना 'एसक्यूलाइट_एपीआय' या मॅक्रोत 'डीक्लस्पेक डीएलएलएक्सपोर्ट' भरून द्यावं लागतं. विसरलात तरी बिल्ड यशस्वी! एक मेगाबाइटच्या वरची डीएलएल, आत अख्खा डेटाबेस, आणि बाहेरून हाक मारायला एक नाव नाही. मग 'एंट्री पॉइंट नॉट फाउंड'. डीएलएल बांधली की आधी 'डम्पबिन' (डीएलएलच्या आत डोकावणारं टूल) एक्स्पोर्ट्ससकट चालवून नावं बघावीत, मगच सी शार्पकडे वळावं. मधे स्वतःचं सी प्लस प्लस घुसडलं असेल तर 'एक्स्टर्न सी' लिहा, नाहीतर कंपायलर 'ॲड'सारख्या साध्या फंक्शनच्या नावाच्या आजूबाजूला प्रश्नचिन्हं आणि ॲटचिन्हं लावून ठेवतो.

आता सगळ्यात छळवादी एरर: डीएलएल सापडली नाही, कोड ८००७००७ई. फाइल एक्झीच्या शेजारी बसलेली दिसते. आपण पाथ बदलतो, नाव बदलतो, फाइल विंडोजच्या सिस्टीम३२ फोल्डरमध्ये कोंबतो (हे कधीही करू नका). खरी गोष्ट अशी असते की या डीएलएलला लागणारी दुसरी डीएलएल मशीनवर नाही. जामीनदार आला नाही म्हणून क्लार्कने तुमच्याकडे बघत 'अर्जदार गैरहजर' लिहावं, तसला हा कारभार. व्हिज्युअल स्टुडिओच्या (चुका शोधण्यासाठीच्या) डीबग बिल्डला 'व्हीसीरनटाइम१४०डी' लागते. ती तुमच्याकडे असते, ग्राहकाकडे नसते, आणि ती वाटायची परवानगीही नाही. त्यामुळे द्यायची ती रिलीज बिल्ड, आणि रनटाइम (सीची पायाभूत लायब्ररी) '/एमटी' लावून आतच घ्यायचा. नव्या डॉट नेटमध्ये संदेश सुधारलाय म्हणतात: आता तो 'ही डीएलएल किंवा तिला लागणाऱ्यांपैकी एक' सापडली नाही असं सांगतो.   पण कोणती, ते शेवटपर्यंत सांगत नाहीच.

लिनक्सवर तऱ्हा वेगळी. तिथला कंपायलर जीसीसी सगळी नावं आपणहून उघडी ठेवतो. 'शेअर्ड' आणि 'एफपिक' हे पर्याय दिले की काम झालं. पण उबुंटू २२.०४ वर बांधलेली फाइल २०.०४ च्या सर्व्हरवर नेली की 'ग्लिबसी २.३४ नाही' म्हणून अडते, कारण थ्रेडची आणि लायब्ररी उघडायची फंक्शनं त्या आवृत्तीत ग्लिबसीत, म्हणजे मुख्य सी लायब्ररीत, आली आणि २०.०४ वर २.३१ आहे. जुन्यात जुन्या सर्व्हरइतक्या जुन्या कंटेनरमध्ये बांधा. अल्पाइन या लिनक्सला ग्लिबसीऐवजी मसल ही सी लायब्ररी लागते, तिच्यासाठी वेगळी प्रत.

एवढं झालं की लायब्ररी लोड होते, आणि खरा त्रास तिथून पुढे. सीचा कंपायलर सीपुरतं बघतो, सी शार्पचा सी शार्पपुरतं. सीच्या फंक्शनची सी शार्पला ओळख करून देणाऱ्या मधल्या 'डीएलएल इम्पोर्ट'च्या ओळीत तुम्ही काहीही थापा मारा, दोघंही मान डोलावतात.

उदाहरणार्थ, फाइलचं नाव. एसक्यूलाइटचं 'ओपन' फंक्शन ते यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत मागतं. सी शार्पची स्ट्रिंग नुसती 'स्ट्रिंग' म्हणून पाठवली तर विंडोजवर ती आन्सी या जुन्या पद्धतीत जाते आणि 'किराणा'ची सरळ प्रश्नचिन्हं होतात. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून एरर १४, डेटाबेस उघडता येत नाही. 'sales' नाव दिलेल्या सहकाऱ्याकडे सगळं सुरळीत. पॅरामीटरवर 'एलपीयूटीएफ८एसटीआर' लिहा.

'बाइंड टेक्स्ट' (क्वेरीत मजकूर भरणारं फंक्शन) तर पाच पॅरामीटरांचा सापळा. चौथा लांबीचा, पण बाइट्समध्ये. 'पुणे'त सी शार्पला ४ चिन्हं दिसतात. यूटीएफ-८मध्ये प्रत्येकी ३, म्हणजे १२. स्ट्रिंगची लेंग्थ दिलीत की टेबलात 'प' पोचतो आणि उकाराचा एक तृतीयांश. पाचव्यात शून्य दिलं तर एसक्यूलाइट समजतं की मजकूर जागेवरच राहणार. प्रत्यक्षात कॉल संपताच डॉट नेट ती तात्पुरती जागा मोकळी करतं आणि टेबलात कचरा जातो. दोन्हीकडे उणे एक द्या. चौथ्यात त्याचा अर्थ 'पहिल्या शून्य बाइटपर्यंत वाच', पाचव्यात 'आत्ताच स्वतःची प्रत काढून घे'.

यातलं काही बिघडलं की माणूस भाबडेपणाने 'एररएमएसजी' फंक्शनला कारण विचारतो. त्याचा रिटर्न टाइप 'स्ट्रिंग' ठेवला असेल तर डॉट नेट मजकुराची प्रत काढतं आणि मूळ जागा फ्री करून टाकतं. ती जागा एसक्यूलाइटची! मग प्रोग्रॅम कधी तिथेच आडवा होतो, कधी दहा मिनिटांनी भलत्याच ठिकाणी. 'इंटपॉइंटर' (नुसता मेमरीतला पत्ता) घ्या आणि 'पॉइंटर टू स्ट्रिंग यूटीएफ८' वापरून वाचा, फ्रीला हात लावू नका.

स्वतःचं फंक्शन एसक्यूलाइटमध्ये नोंदवायचं असेल तर डेलिगेट (त्या फंक्शनकडे बोट दाखवणारी सी शार्पची वस्तू) स्टॅटिक फील्डमध्ये धरून ठेवा. सीने पॉइंटर जपलाय हे गार्बेज कलेक्टरच्या गावीही नसतं. तो डेलिगेट बेवारस समजून उचलतो. दहा ओळींच्या चाचणीत तो फिरकतच नाही, म्हणून सगळं हिरवं दिसतं. चाचणीत फंक्शन नोंदवल्यावर 'जीसी डॉट कलेक्ट' मुद्दाम बोलवा आणि मगच क्वेरी चालवा. पडायचंच असेल तर ते तुमच्या मशीनवर पडू दे.