विम्यापेक्षा दंड स्वस्त नाही, मामा

‘हाय-रिस्क ड्रायव्हरांसाठी विम्याचे नवे नियम’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या आमच्या नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय, रामबागेपासून सुदामानगरापर्यंत. त्यात पाच दावे आहेत. चालान झालेल्या माणसाचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याला भरपाई देणाऱ्या सक्तीच्या विम्याचा हप्ता, तिप्पट होतो. दारू पिऊन पकडलेल्याला कुठलीच कंपनी विमा देत नाही. चूक चालकाची असेल तर कंपनीने कुणालाच पैसे द्यायचे नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. म्हणून विमा काढण्यापेक्षा दोन हजारांचा दंड भरलेला परवडला. आणि काढायचाच असेल तर गाडी आईच्या नावावर करा.

असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण माझ्या मामेभावाचं अलीकडेच ड्रिंक अँड ड्राइव्हचं चालान झालं, आणि हा मेसेज वाचून मामांनी पॉलिसी रिन्यू करायची नाही असं ठरवलं. म्हणून लिहिते आहे.

आधी चौथा दावा, कारण घर बुडवणारा तोच आहे. विम्याशिवाय गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दंड ४,००० रुपये. मेसेजवाल्याने कैद गाळली आणि दोन हजार तेवढे ठेवले. पण तेही सोडा. दंड हा पोलिसांनी पकडल्याचा असतो. बायपासवर कुणाला धडक बसली तर जी भरपाई द्यावी लागते, ती त्या दंडात येत नाही.

ती किती असते? सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१७ साली प्रणय सेठी प्रकरणात हिशोबाची रीत पक्की करून दिली आहे. ३० वर्षांचा, स्वतःचं छोटं दुकान चालवणारा, महिना २५,००० रुपये कमावणारा माणूस धरा. त्याच्यावर अवलंबून बायको, मूल आणि आईवडील. पुढे वाढली असती अशा कमाईपोटी ४० टक्के धरायचे, म्हणजे ३५,००० रुपये. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २६,२५० उरतात. वर्षाचे झाले ३,१५,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला जितक्याने गुणायचं तो ठरलेला आकडा, १७. एकूण ५३,५५,००० रुपये. यात अंत्यविधीचा खर्च वगैरेच्या ठरलेल्या रकमा आणि व्याज अजून मिळवलेलं नाही. विमा नसेल तर हे सगळं चालक आणि गाडीमालकाच्या डोक्यावर. दिलं नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ प्रमाणे कलेक्टर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. मामांच्या १,२०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ३,४१६ रुपये आहे, वर जीएसटी. एवढ्यासाठी राहतं घर पणाला लावायचं?

आता हप्ता तिप्पट होण्याबद्दल. खाजगी कारचा थर्ड पार्टी दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर ठरतो: १,००० पर्यंत २,०९४ रुपये, १,५०० पर्यंत ३,४१६, त्यापुढे ७,८९७. चालकाचं वय किंवा चालानं त्या तक्त्यात नाहीतच. ‘हाय-रिस्क’ची वेगळी वर्गवारी अमेरिकेतली. तिथे अनेक राज्यांत अशा चालकाला विमा असल्याचं खास प्रमाणपत्र सरकारदरबारी द्यावं लागतं. ते कुणीतरी उचलून आपल्याकडे चिकटवलंय. आपल्याकडेही वाहतुकीच्या गुन्ह्यांना गुण देऊन त्यावर जादा हप्ता लावावा, असा मसुदा विमा नियामकाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये मांडला होता, हे खरं. पण त्यातले आकडेही चारचाकीला १,५०० रुपयांच्या पुढे जात नव्हते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता मात्र क्लेम घेतला की चढतो, कारण नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत वाढत गेलेली सूट, शून्यावर येतो. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी तो जातो, आणि मामा आत्ता नेमकं तेच करायला निघालेत.

सुप्रीम कोर्टाचा निकाल खोटा नाही. जुलै २०२५ चा आहे, कर्नाटकातला खटला. दुसऱ्याची गाडी घेऊन भरधाव चालवणारा माणूस ती उलटून स्वतःच गेला. त्याच्या घरच्यांनी ८० लाख मागितले, ते नाकारले गेले. नाकारले ते चूक करणाऱ्याच्याच वारसांना. त्याने रस्त्यावरच्या कुणाला उडवलं असतं, तर त्या माणसाचा हक्क तसाच राहिला असता. २००४ च्या स्वर्ण सिंग निकालापासून कोर्टं हेच सांगत आली आहेत की पॉलिसीची अट मोडली असली तरी कंपनीने आधी पीडिताला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. दारू पिऊन गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही आणि ही वसुलीही मागे लागू शकते, एवढं मला मान्य करावंच लागेल. तो दारूचा परिणाम आहे. पॉलिसी बंद करून तो टळत नाही. आणि चालान झालं म्हणून थर्ड पार्टी पॉलिसीची दारं बंद होतात, असा कुठलाही नियम नाही.

राहिलं गाडी आईच्या, म्हणजे आमच्याकडे मामींच्या, नावावर करणं. थर्ड पार्टीचा हप्ता तोच राहील. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे मामांचा बोनस मामींना मिळणार नाही. पॉलिसीवर नाव बदलून घ्यायला हस्तांतरानंतर १४ दिवसांत कंपनीला कळवावं लागेल. शिवाय १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा वैध लायसन असलेल्या मालकालाच असतो. मामींकडे लायसन नाही. मामांकडे आहे, पण ते मग मालक नसतील. म्हणजे आज मामांना असलेलं ते संरक्षण त्या दिवसापासून घरात कुणालाच राहणार नाही.