अकरा तासांचं निंदण

आमच्याकडे ग्रिल म्हणजे खिडकीला असते. चोर येऊ नये आणि मांजरीला येता-जाता यावं, एवढंच तिचं काम. त्यामुळे दिवाळीला पुण्याहून आलेल्या पोरानं पिशवीतून एक चौकोनी काळा तवा काढला आणि "आई, हा ग्रिल पॅन" म्हणून माझ्या हातात दिला, तेव्हा आधी माझा हातच खाली गेला. तीन-चार किलोचं धूड. बुडावर एका सरळीत अकरा वरंबे. आमच्या घरच्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "तास चांगले पाडले, पण अंतर कमी ठेवलं. पऱ्हाटी दाटन." (तास म्हणजे वावरातली ओळ, पऱ्हाटी म्हणजे कपाशी.)

बाजेवरून आत्याबाईंनी विचारलं, "कायचा आहे व?"

"बिडाचा, आत्याबाई."

"मंग बीडले वापस धाडून दे."

सासूचं ऐकावं म्हणतात ते उगीच नाही. पण मी तो ऐकण्याचा दिवस चुकवला.

संक्रांतीपर्यंत पॅन फळीवर पडून होता. मग आमच्या दहावीतल्या पोरीला पनीर टिक्क्याची हुक्की आली. पुलगावहून अर्धा किलो पनीर आणलं. दही, बेसन, तिखट, हळद लावली आणि पोरीनं मोबाईलवर पाहिलं म्हणून वरून एक चमचा मध. सगळे तुकडे वरंब्यांवर ओळीनं मांडले, हळदी-कुंकवाला वाणाचं ताट मांडावं तसे. ते पाहून समाधान झालं, आणि मग गॅस पेटवला.

पनीरवर काळ्या रेघा उमटतात म्हणे, त्यासाठीच तर हा तवा असतो. रेघा उमटल्या, पण पनीरच्या, आणि त्या तव्यावर. सराटा घालून तुकडा उचलला की वरचा अर्धा भाग माझ्याकडे यायचा आणि खालचा तिथेच मुक्काम करायचा. त्या रात्री आम्ही पनीरची भुर्जी खाल्ली. बरी झाली होती.

"गार तव्यावर टाकलं काय?" आत्याबाईंनी विचारलं.

मी गप्प.

"भाकर टाकतं काय कधी गार तव्यावर?"

पंचवीस वर्षं मी रोज तवा तापवून, पाण्याचा शिंतोडा मारून, तो चुर्रर्र झाला की मगच भाकर टाकते आहे. तवा पुण्याचा म्हटल्यावर ती अक्कल कुठे गेली, देव जाणे.

खरं तर जाळण्याचं काम आम्हाला नवं नाही. जानेवारीत तूर निघाली की अंगणात तुराट्यांचा ढीग पडतो. त्या पेटवायच्या, भरताची वांगी जाळात टाकायची, साल कोळसा होऊ द्यायची. मग ती साल सोलून उकिरड्यावर टाकायची. मिरच्या, लसूण, सांबार घालून भरीत तयार. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या सूनबाई आल्या तर आधी हे सांगावं लागेल, नाहीतर भरितात डाळ येईल.) रोडगे तर गोवऱ्यांच्या आरात पुरायचे, काढले की फडक्यानं झटकायचे, फोडून तुपात बुडवायचे. शंभर माणसांचा पंगतीचा स्वयंपाक होतो आणि भाजायचं एक भांडं घासायला पडत नाही. भांडंच नाही, तर चिकटेल कशाला? शहरातल्या माणसाला जाळाची चव पाहिजे, पण जाळ घरात नको. म्हणून त्यानं जाळाच्या रेघा पाडणारा तवा काढला, आणि उकिरड्यावर जाणारी साल न्हाणीत आणली.

न्हाणीत तो रात्रभर भिजला. सकाळी पाणी काळं झालेलं, पनीर जसंच्या तसं. साबण लावला, घासणी फिरवली. घासणी वरंब्यांवरून बायपासच्या एसटीसारखी सुसाट निघून जायची, खाली गावात उतरायचीच नाही. काथ्या आणला, तोही वरच्या वरच. शेवटी पोतं शिवायची दाभण घेतली आणि एका तासातलं तण टोकायला बसले. पाटावर बसून, पदर खोचून, खाली मान. एका तासाला अर्धा तास लागला. वावरात निंदायला गेले असते तर रोज तरी मिळाला असता.

दुपारी पोराचा फोन आला. "आई, सोडा आणि व्हिनेगर टाक." चकलीला आणलेला सोडा होता, चायनीजच्या हौसेत आणलेलं व्हिनेगरही होतं. दोन्ही ओतलं. असा फेस, असा फेस, की शेजारची वहिनी भिंतीवरून पाहायला आली. फेस बसला. खाली पनीर शांतपणे बसलेलं.

पोरगी पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "एक आम्ल, एक आम्लारी. दोघंही एकमेकांना खपवतात. मागे उरतं क्षार आणि पाणी. याला उदासिनीकरण म्हणतात."

उदासीन तर मी झालेच होते.

"मग एकटा सोडा टाकला असता तर?"

"मग काम झालं असतं."

हे पोर आधी बोलत नाही. बापावर गेलं आहे.

मग पॅनमध्ये पाणी आणि दोन चमचे सोडा घालून चुलीवर ठेवला आणि पाऊण घंटा खदखदू दिला. आणि काय सांगू, कडांनी पापुद्रे सुटायला लागले. लाकडी सराट्याच्या टोकानं ढकलावं आणि त्यानं उठून यावं. राहिलेल्या चिवट ठिपक्यांवर खडेमीठ आणि चमचाभर तेल टाकून चिंधीनं रगडलं, तेही गेले. खरं म्हणजे इथे थांबायला पाहिजे होतं. पनीर गेलं होतं. पण बाई एकदा घासायला बसली की थांबत नाही, आणि तो तवा मला अजून काळाच दिसत होता.

चुलीतली राख घेतली, तारेची घासणी घेतली. राखेत पोटॅश असतं, खताच्या पोत्यावर लिहिलेल्या पोटॅशच्याच घराण्यातलं. तेलकटपणा धरून सोडवणं हे तिचं पिढीजात काम. दोन दिवस लागले. बांगडी एक फुटली. तिसऱ्या दिवशी पॅन राखाडी, चकचकीत, वरंब्यासकट. वहिनीला बोलावून दाखवला. आत्याबाईंनीही चष्मा लावून पाहिला आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्याकडून "हं" म्हणजे हार-तुरा.

चौथ्या दिवशी सकाळी त्यावर गेरू सारवल्यासारखा रंग.

फोन स्पीकरवर होता. पोरगा ओरडलाच, "आई! ते काळं काढायचं नव्हतं! ते सीझनिंग होतं! आता गंज लागणारच."

"गंज काहाले लागते त्याले?" आत्याबाई बाजेवरून. "दोन गंज आहेत घरात, मोठा वाला घे."

आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, आणि लोखंडाला लागतो तो जंग. पोरगं तीन वर्षांत हे विसरलं आणि मला त्या दिवशी सगळ्यात जास्त तेच लागलं.

तर झालं होतं असं. बिडाच्या भांड्यावर तेलाचा अगदी पातळ थर तापून-तापून रंगासारखा कडक बसतो. तोच काळा असतो, तोच जंग थांबवतो, आणि काही चिकटू न देणाराही तोच. मी माझ्या दोन्ही मनगटांचा जोर लावून तो काढून टाकला होता. आता पुन्हा पातळ तेल लावून, पुसून, धूर निघेपर्यंत तापवायचं. एकदा नाही, चार-पाच वेळा. पोरगा म्हणाला त्याला फ्लॅक्ससीड ऑइल लागतं, पुण्यात छोटी बाटली मिळते, महाग असते, कुरिअर करतो.

"ते काय असते?" आत्याबाई.

पोरीनं शोधून सांगितलं. "जवस, आजी."

आत्याबाई इतक्या हसल्या की बाज करकरली. जवसाची चटणी खाऊन या घराच्या चार पिढ्या वाढल्या. तेलाची बाटली देवघराच्या खाली उभीच होती. हे तेल वाळतं, म्हणूनच ते रंगात घालतात आणि क्रिकेटच्या बॅटला चोळतात. आधी मी मीठ चोळून जंग काढला. मग चिंधीनं तेल लावायचं, दुसऱ्या कोरड्या चिंधीनं लावलंच नव्हतं असं पुसायचं, आणि पॅन पालथा करून चुलीवर. घरभर धूर. दोन दिवसांत पाच वेळा केलं. पॅन पुन्हा काळा. म्हणजे दिवाळीला पिशवीतून निघाला तेव्हा जसा होता, तसा.

त्यावर पुन्हा पनीर टाकायची हिंमत ना मला झाली, ना पोरीला. पण थंडी होती. एका संध्याकाळी आत्याबाईंनी चुलीतले निखारे चिमट्यानं उचलून पॅनवर ठेवले, बाजेजवळ घेतला आणि हात शेकत बसल्या. वरंब्यांमुळे खालून वारा लागतो म्हणे, निखारा विझत नाही. आता रोजचंच झालं आहे. सकाळी उकिरड्यावर पालथा करतात, एक टपली मारतात, की साफ.

परवा पोराचा फोन होता. "आजी, पॅन वापरता ना?"

"रोज वापरतो बाप्पा."

"आता चिकटत नाही ना काही?"

"कायचं चिकटते," आत्याबाई म्हणाल्या आणि निखारा सारखा केला.