‘असले केंद्र आमच्या वस्तीत नको’: एका मजकुराचा प्रतिवाद

मुंबईतील गृहनिर्माण संस्थांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर एकीकडून दुसरीकडे पाठवला जात आहे. व्यसन, हिंसक वागणे, शाळा सुटणे, घरातून वारंवार पळून जाणे अशा कारणांनी अडचणीत आलेल्या किशोरवयीन मुलांसाठीचे निवासी उपचार केंद्र रहिवासी भागात येऊ देऊ नये, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी तो पुढील कारणे देतो. ही मुले म्हणजे बालगुन्हेगार असून त्यांच्यामुळे चोऱ्यामाऱ्या वाढतील. ती सुधारत नाहीत आणि एकत्र ठेवल्यावर आणखी बिघडतात, त्यांना लष्करी शिस्तच हवी. अशा संस्थांत अत्याचारच होतात. घरांच्या किमती पडतील. आई-वडिलांच्या चुका समाजाने का निस्तराव्यात? आणि केंद्र हवेच असेल तर ते मुंबईबाहेर दूर, कर्जत नाही तर वाड्याकडे न्यावे. शेवटी आवाहन आहे की कोणीही देणगी देऊ नये आणि हरकतीच्या पत्रावर सर्वांनी सही करावी. सही करण्यापूर्वी यातील प्रत्येक मुद्दा तपासावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला मुद्दा गुन्हेगारीचा. कायद्याशी संघर्षात आलेली मुले बाल न्याय मंडळाच्या आदेशाने निरीक्षणगृहात किंवा विशेष गृहात ठेवली जातात. मुंबईत डोंगरीचे निरीक्षणगृह त्यासाठीच आहे. उपचार केंद्राचे काम वेगळे असते. तेथे बहुतेक मुलांना त्यांचे पालकच घेऊन येतात: कोणी रबर चिकटवायचे सोल्युशन हुंगायला लागलेले असते, कोणी एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) आहारी गेलेले असते, कोणी स्वतःच्या हातावर ब्लेडने वार करून घेत असते. यातील काही मुलांविरुद्ध पूर्वी तक्रार झालेली असू शकते, हे मी नाकारत नाही. तरीही भीतीचे प्रमाण वस्तुस्थितीशी ताडून पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात ५८ लाखांहून अधिक दखलपात्र गुन्हे नोंदवले गेले, आणि त्यांपैकी अल्पवयीन मुलांनी केल्याचा आरोप असलेले गुन्हे होते ३०,५५५, म्हणजे दर दोनशे गुन्ह्यांमागे साधारण एक. शिवाय, ज्या मुलाची आपल्याला भीती वाटते तो केंद्रात दाखल होण्यापूर्वीही याच शहरात, कदाचित याच गल्लीत राहत होता. फरक एवढाच की तेव्हा त्याच्या दिवसाचा हिशेब कोणाकडेही नव्हता, आणि केंद्रात आल्यावर तो सकाळपासून रात्रीपर्यंत प्रशिक्षित माणसांच्या नजरेखाली असतो.

‘ही मुले सुधारत नाहीत’ हे विधान संशोधनाच्या थेट विरोधात जाते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेली विभागणी या विषयात आजही आधारभूत मानली जाते. नियम मोडणाऱ्या किशोरांपैकी बहुतेकांचे हे वागणे त्या वयापुरते असते आणि तारुण्यात ते आपोआप ओसरते; आयुष्यभर टिकणारी वर्तनसमस्या फार थोड्यांची असते, आणि तिची लक्षणे बहुधा लहानपणापासूनच दिसत असतात. प्रश्न एवढाच उरतो की त्या ओसरण्याच्या आधी मुलाच्या हातून काय काय निसटते: शाळा, तब्येत, घरच्यांचा विश्वास, कधी जीवही. एम्सच्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत एक गोष्ट ठळकपणे समोर आली. हुंगण्याचे पदार्थ हा नशेचा असा एकमेव प्रकार आहे, ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळले, आणि अशा सुमारे ४ लाख ६० हजार मुलांना मदतीची गरज असल्याचा अंदाज त्या पाहणीने दिला. आपोआप सुधारतील म्हणून या मुलांची वाट पाहत बसणे मला क्रूरपणाचे वाटते. दाखल झालेला प्रत्येक मुलगा कायमचा बरा होतो, असे कोणतेही प्रामाणिक केंद्र सांगणार नाही. नशा पुन्हा सुरू होणे हा या आजाराचाच भाग आहे, आणि ती किती वेळा, किती लवकर पुन्हा सुरू होते हे बऱ्याच अंशी मूल कोणत्या घरी आणि कोणत्या वस्तीत परतते यावर ठरते.

‘एकत्र ठेवल्यावर आणखी बिघडतात’ हा या मजकुरातील सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. टॉमस डिशन, जोन मकॉर्ड आणि फ्रान्स्वा पूलँ यांच्या १९९९ च्या संशोधन लेखाने नेमके हेच दाखवले होते की समस्याग्रस्त किशोरांना नुसते एका गटात आणले आणि त्यांच्या आपसातील गप्पांवर मोठ्यांची देखरेख नसली, तर एकमेकांच्या शौर्यकथांना मिळणाऱ्या दादेमुळे त्यांचे वागणे अधिक बिघडू शकते. मात्र यातून निघणारा निष्कर्ष केंद्र कसे असावे याबद्दलचा आहे. पन्नास मुले एका सभागृहात कोंबणारी आणि रात्री एकाच पहारेकऱ्यावर सोडणारी जागा घातकच ठरेल. उलट मुलांचे गट लहान ठेवणे, प्रत्येक गटासोबत कायम प्रशिक्षित मोठे माणूस असणे, मुक्काम गरजेपेक्षा एक दिवसही न लांबवणे आणि कुटुंबासोबतची सत्रे पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करणे, या गोष्टींनी हा धोका कमी करता येतो. हरकत घेणाऱ्यांनी केंद्राच्या चालकांना नेमके हेच विचारले पाहिजे. लष्करी शिस्तीच्या सूचनेबद्दल मात्र फार बोलण्याची गरज नाही. धाकाने मुले सुधारतात याच समजुतीवर उभा असलेला, मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचा ‘स्केअर्ड स्ट्रेट’ नावाचा कार्यक्रम अमेरिकेत खूप गाजला होता. अँथनी पेट्रोसिनो आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्या मुलांमध्ये गुन्हे कमी होण्याऐवजी वाढल्याचे आढळले.

आता कर्जतचा आणि त्याच्याशी जोडलेला अत्याचारांचा मुद्दा. मजकुरात हे दोन मुद्दे वेगवेगळे आले आहेत, पण ते एकत्रच पाहिले पाहिजेत, कारण दुसऱ्यात व्यक्त झालेली भीती पहिल्यात सुचवलेल्या उपायाने वाढते. संस्थांमध्ये अत्याचार झाले आहेत, हे कटू सत्य आहे. बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील भयानक प्रकार २०१८ मध्ये उघडकीस आला, तो टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या आपल्या देवनारच्या संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने केलेल्या सामाजिक लेखापरीक्षणामुळे. अमेरिकेत अडचणीतील किशोरांसाठी चालवलेल्या खासगी निवासी केंद्रांबद्दल, ज्यांपैकी कित्येक युटासारख्या राज्यांत मुलांच्या घरांपासून शेकडो मैल दूर होती, वर्षानुवर्षे तक्रारी साचत गेल्या आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संस्थांतील बाल-अत्याचार रोखण्यासाठी स्वतंत्र संघीय कायदा करावा लागला. या दोन्ही ठिकाणी दोष मोठा होण्याचे कारण एकच होते: आत काय चालले आहे हे बाहेरच्या कोणाला नियमितपणे दिसत नव्हते. हे टाळण्यासाठीच आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांना ठेवणाऱ्या संस्थांची नोंदणी सक्तीची आहे आणि कलम ५४ नुसार तपासणी समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा तेथे गेलेच पाहिजे, आणि त्या पथकात किमान एक महिला व एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे. पण तीन महिन्यांतून एकदा येणारी समिती पुरेशी नसते. शेजारच्या इमारतीतील माणसे, मुलांना गणित शिकवायला येणाऱ्या बाई, रोज भाजी पोहोचवणारा दुकानदार, दर रविवारी येणारे आई-वडील, हे सगळे त्या जागेवर नकळत लक्ष ठेवत असतात. हे केंद्र वाड्याच्या आडरानात नेल्यावर नेमके हेच लक्ष नाहीसे होते.

अंतराचा दुसरा परिणाम उपचारावरच होतो, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोवंडीत किंवा कुर्ल्यात राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी आई मुलाला भेटायला कर्जतला निघाली की तिचा पूर्ण दिवस जातो, त्या दिवसाची कमाई बुडते आणि कामावरून काढून टाकण्याची टांगती तलवार असते ती वेगळीच. ती एकदा जाईल, दोनदा जाईल आणि मग भेटी महिन्यावर, दोन महिन्यांवर जातील. कुटुंबाबरोबर केलेल्या कामाशिवाय किशोरांच्या वर्तनावरील उपचार टिकत नाहीत, हे या क्षेत्रात काम करणारा कोणीही सांगेल. दारू पिणारे वडील, मुलाच्या नावाने बोटे मोडणारी आजी, वेगळी राहणारी मोठी बहीण, या सगळ्यांशी बोलणे हा उपचाराचा भाग असतो आणि त्यासाठी त्यांना संध्याकाळी कामावरून सुटल्यावर लोकलने पोहोचता येईल अशी जागा लागते. मुलगा बाहेर पडल्यावर पहिल्या काही महिन्यांत त्याला आठवड्यातून एकदा तरी त्याच समुपदेशकाकडे परत जाता आले पाहिजे. दूरच्या केंद्रातून सुटलेला मुलगा थेट त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत येऊन पडतो आणि मध्ये त्याला धरणारे कोणी नसते. मग ‘पाहा, सुधारला नाही’ असे म्हणायला आपण मोकळे.

घरांच्या किमतींबद्दल थोडक्यात. अमेरिका आणि कॅनडात १९७० च्या दशकापासून मुलांच्या आणि मनोरुग्णांच्या लहान निवासगृहांभोवतीच्या किमतींचे जे अभ्यास झाले, त्यांतील बहुतेकांत घट दिसली नाही. मोठ्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रांबाबत मात्र व्हर्जिनियातील एका अभ्यासात घट आढळली होती. परदेशातील निष्कर्ष मुंबईला जसेच्या तसे लावू नयेत, हे मान्य. म्हणून मुंबईतलेच पाहू. मुलांसाठीची डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ही १८५७ साली सुरू झालेली संस्था आज माहीममध्ये उभी आहे, आणि माहीममध्ये घर घेणे कोणाला स्वस्त वाटते, हे मजकूर पाठवणाऱ्यांनीच सांगावे.

‘आई-वडिलांच्या चुका समाजाने का निस्तराव्यात’ हा प्रश्न मला अधिक अस्वस्थ करतो, कारण त्यात मुलाचा विचारच नाही. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती एमडीची पुडी त्याच्या आईने दिलेली नसते. मुलाला अमली पदार्थ किंवा तंबाखू पुरवणे बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली आणि त्याच्याकडून अमली पदार्थांची ने-आण किंवा विक्री करून घेणे कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि दोन्हींसाठी सात वर्षांपर्यंतच्या सश्रम कारावासाची तरतूद आहे. असे गुन्हे करणारी मोठी माणसे आपल्याच शहरात राहतात, आणि त्यांच्याविरुद्ध सह्यांची मोहीम निघाल्याचे मी पाहिलेले नाही. शिवाय ही जबाबदारी मुंबईने आज पहिल्यांदा अंगावर घेतलेली नाही. अशा मुलांसाठीचा बॉम्बे चिल्ड्रेन ॲक्ट हा कायदा १९२४ चा, आणि त्याला हात देण्यासाठी मुलांची निवासगृहे चालवणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली १९२७ मध्ये. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा (अनिता) आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभे केलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र लोकांच्या देणग्यांच्या मदतीने वाढले, हे तर मराठी वाचकांना सांगायला नको.

या मजकुराच्या काही प्रतींत एक मागणी नंतर जोडलेली दिसते: केंद्रातील मुलांची नावे आणि छायाचित्रे सोसायट्यांना मिळावीत. ही मागणी कोणीही पुढे पाठवू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि बाल न्याय मंडळासमोर किंवा बाल कल्याण समितीसमोर आलेल्या मुलाची ओळख उघड करणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या मुलाचा फोटो दोनशे घरांतल्या फोनवर गेला, त्याला उद्या कोणत्या गॅरेजमध्ये किंवा दुकानात कोणी कामाला ठेवणार आहे?

हरकत घेण्याचा हक्क रहिवाशांना आहे आणि तो त्यांनी चांगल्या कामासाठी वापरावा. सोसायटीच्या सभेत केंद्राच्या चालकांना बोलवावे आणि त्यांना नोंदणीचे प्रमाणपत्र मागावे. मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती तास येतात, रात्रपाळीला कोण असते, मुलांना मोठ्या रुग्णांपासून पूर्ण वेगळे ठेवले आहे का, मुलाला तक्रार करायची असेल तर ती कोणापर्यंत पोहोचते, हे विचारावे. उत्तरे पटली नाहीत तर विरोध जरूर करावा. पटली, तर मदत फक्त पैशांचीच लागते असे नाही. शाळा सुटलेल्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता येते, पण त्यांचे बीजगणित आणि इंग्रजी करून घ्यायला कोणीतरी लागते, आणि आपल्या प्रत्येक सोसायटीत एक-दोन निवृत्त शिक्षक असतातच. संध्याकाळी तासभर खेळायला मैदान लागते. आणि बाहेर पडणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एसी दुरुस्ती, वायरिंग किंवा स्वयंपाकघरातील काम शिकवायला तयार असलेला, त्याचा भूतकाळ चारचौघांत न काढणारा एखादा मालक लागतो.