लिंक पाठवली की कामगारांची गळती थांबते?

कोल्हापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. दर महिन्याला कामगारांना ऑनलाइन सर्वेक्षणाची लिंक पाठवा. नाव गुप्त असल्यामुळे लोक खरं बोलतात. एकाच प्रश्नाच्या गुणांवरून कोण टिकणार आणि कोण जाणार ते कळतं. गुण वाढले की गळती थांबते. शिवाय सगळं फुकटात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, मोल्डर (साचे बनवणारा कामगार) टिकवताना ज्याच्या नाकी नऊ आलेत, त्याला हे वाचून हुरूप येणारच. सर्वेक्षणाला माझा विरोध नाही, लहान कारखान्यांसाठी मी ती तयारही करून देतो. पण हा मजकूर जसाच्या तसा गळी उतरण्यासारखा नाही.

"नाव गुप्त असल्यामुळे लोक खरं बोलतात." नाव विचारलं नाही म्हणून माणूस ओळखू येत नाही असं थोडंच आहे? फॉर्मच्या सुरुवातीलाच विभाग, पाळी आणि नोकरीची वर्षं विचारलेली असतात. फेटलिंग (ओतलेला माल घासून साफ करायचं काम), रात्रपाळी, दहा वर्षांहून जास्त नोकरी: अशी माणसं कारखान्यात एखाद-दुसरीच. सुपरवायझर चहा संपायच्या आत नाव सांगेल, आणि कामगाराला हे पक्कं ठाऊक असतं. गुगल फॉर्मवर एकाला एकच उत्तर देता यावं अशी सोय चालू केली, की लॉगिन करावं लागतं आणि फॉर्मच्या डोक्यावर स्वतःचाच ईमेल दिसतो. तो मालकापर्यंत जात नसेलही, पण बघणाऱ्याने विश्वास कसा ठेवायचा? मग काय, सगळ्या प्रश्नांना 'लई भारी'. पाच-सात जणांपेक्षा लहान गटाचे आकडे वेगळे काढायचेच नाहीत, एवढं पथ्य पाळलं आणि ते आधीच सांगितलं तर थोडा फरक पडतो. थोडाच.

गुप्ततेच्या आधीही एक प्रश्न आहे: लिंक जाते कोणाला? बहुतेक ठिकाणी पगारपत्रकावर असलेल्यांच्या ग्रुपवर. ठेकेदाराकडची माणसं, त्यातही बिहार-ओडिशाकडून आलेली, त्या ग्रुपवर नसतात. सगळ्यात आधी काम सोडतात तीच. समजा 200 जणांपैकी 120 जणांनी उत्तरं दिली आणि त्यांतले 90 जण समाधानी निघाले. अहवालात 75 टक्के छापून येतं. प्रत्यक्षात तुम्हाला 45 टक्क्यांचीच खात्री आहे, उरलेल्यांत बरेच जण न बोललेले आहेत.

आता तो एकच प्रश्न. "आमच्याकडे नोकरी कर, असं तुम्ही मित्राला कितपत सांगाल? 0 ते 10 गुण द्या." ही पद्धत मुळात ग्राहकांसाठीची. अमेरिकन व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी 2003 मध्ये ती मांडली, नंतर ती कर्मचाऱ्यांना लावली गेली. तिच्या हिशोबात 9 आणि 10 देणारे आपले, 7 आणि 8 देणारे ना आपले ना नाराज आणि 0 ते 6 देणारे सगळे नाराज. आपल्यांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की आकडा तयार. आता आपल्याकडचा माणूस आठवा. साठ टक्क्यांना फर्स्ट क्लास, या हिशोबात तो वाढलेला. त्याने 6 दिले तर तो कंपनीला पास केल्याच्या समाधानात असतो, 7 दिले तर खूशच असतो. दहापैकी दहा आपल्या शाळेत कुठल्या मास्तरांनी निबंधाला दिलेत? एका उत्तराला नाराज ठरवलं, दुसरं आपल्यांत धरलंच नाही आणि उणे आकडा बघून मालकाची झोप उडाली. आकडा मागच्या वेळच्या स्वतःच्याच आकड्याशी ताडला तर काही उपयोग आहे, बाहेरच्या तक्त्याशी ताडून नाही.

लांब प्रश्नावल्यांचंही तसंच. गॅलप या अमेरिकन सर्वेक्षण कंपनीचे बारा प्रश्न जगभर वापरले जातात. त्यांत कामावर जिवलग मित्र आहे का असं विचारलंय, पण पगाराबद्दल एकही प्रश्न नाही. त्यांचा हेतू वेगळा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भट्टीपाशी उभा राहणारा माणूस ओटीचा, म्हणजे जादा तासांचा, दर, पाळीची अदलाबदल आणि रात्री गावाकडं जायला गाडी आहे का, या हिशोबावर शेजारच्या शेडमध्ये जातो. ते विचारलं नाही तर फॉर्ममध्ये उमटणार कुठून? शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1928 पासून वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला प्रश्न ठरलेले होते, पण लोक भलतंच बोलू लागले. शेवटी ठरलेले प्रश्न बाजूला ठेवून त्यांना बोलू दिलं गेलं. आपल्या फॉर्मच्या शेवटी "आणखी काही?" अशी एक रिकामी चौकट असते. मी आधी तीच वाचतो.

"गुण वाढले की गळती थांबते" हे तर उलटंही असू शकतं. दहा जणांपैकी सात जण 8 देतात, तिघे 3 देतात, सरासरी 6.5. ते तिघे सोडून गेले की सरासरी 8. गळती झाली म्हणून गुण वाढले!

दर महिन्याला विचारणं तर हौसेचा मामला. मागच्या वेळच्या तक्रारीचं काय झालं ते न सांगता पुन्हा विचारलं, की तिसऱ्या वेळी लिंक कोणी उघडत नाही. वेळही बघावी. दिवाळीच्या तोंडावर सगळे गोड बोलतात आणि बोनस हातात पडल्यावर राजीनामे येतात. जोतिबाच्या यात्रेच्या आठवड्यात अर्धी हजेरीच नसते.

फुकट? फॉर्म फुकट आहे. कँटीनचा पंखा बदलणं, ओटी वेळेवर देणं, शिवराळ सुपरवायझरला हलवणं फुकट नाही. तो खर्च करायची तयारी नसेल तर लिंक पाठवू नका, कारण विचारून गप्प बसलेला मालक न विचारणाऱ्यापेक्षा जास्त डोक्यात जातो.

करायचंच असेल तर पाच प्रश्न पुरेत, तेही मराठी आणि हिंदीत, साध्या बोलीत. पंधरा दिवसांत गेटजवळच्या फलकावर तीन गोष्टी लावा: काय कळलं, काय करणार, काय जमणार नाही. आणि सोडून गेलेल्यांना महिन्या-दोन महिन्यांनी फोन करा. हिशोब चुकता झालेला असतो, भीड उरलेली नसते, आणि नव्या जागी काय जास्त मिळालं ते माणूस स्वतःहून सांगतो.